हेड न उतरवता तुटलेली व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलण्याविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपली २००१ सालची होंडा सिटी, १.५ लिटरची आणि व्हीटेक (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी होंडाची यंत्रणा) नसलेली, चिपळूणला घराच्या अंगणात दोन पावसाळे उभी होती. ती बाहेर काढून कुंभार्ली घाटाने कराडकडे निघालात, तेव्हा चढावर इंजिन मिसिंग करू लागले आणि वरच्या बाजूने टकटक ऐकू येऊ लागली. कव्हर उघडून पाहिल्यावर तिसऱ्या सिलिंडरची एक इनटेक स्प्रिंग, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह बंद करणारी स्प्रिंग, तुटलेली दिसली. मेकॅनिक हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा व्हॉल्व्ह धरणारा इंजिनाचा वरचा भाग, उतरवायला सांगत आहेत. ते टाळता येईल का, स्प्रिंग एकच बदलावी की सगळ्या, आणि माल येईपर्यंत गाडी हळूहळू वापरावी का, असे आपण विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात उशीर परवडणारा नाही. गाडी अजिबात सुरू करू नये. स्प्रिंग मधूनच तुटते तेव्हा तिचे दोन तुकडे एकमेकांत आट्यांसारखे गुंततात, उंची साधारण एका वेढ्याने कमी होते आणि व्हॉल्व्हवरचा दाब घटतो. अशा अवस्थेत इंजिन मंद गतीवर बऱ्यापैकी चालते, म्हणून लोकांना वाटते की गावातल्या गावात वापरायला हरकत नाही. पण दाब कमी पडल्यामुळे कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्याचा) उंचवटा सरकून गेल्यावर व्हॉल्व्ह त्याच्या मागोमाग वेळेत परतत नाही, रॉकर (कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणारी तरफ) आपटत राहतो, आणि रिटेनरमध्ये, म्हणजे स्प्रिंगवरच्या टोपीत, व्हॉल्व्हची दांडी धरून ठेवणारे दोन छोटे कॉटर या आपटण्याने निसटू शकतात. ते निसटले की व्हॉल्व्ह सरळ सिलिंडरमध्ये पडतो, पिस्टन त्याच्यावर आदळतो, आणि मग हेड, पिस्टन व लायनर असा सगळाच खर्च अंगावर येतो. शिवाय त्या सिलिंडरमधले न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो तापून निकामी होतो. गाडी हलवायचीच असेल तर टो करून हलवावी.

आता मुख्य प्रश्न. या इंजिनात हेड जागेवर ठेवून स्प्रिंग बदलता येते, आणि व्हॉल्व्ह वाकलेला नसेल तर तसेच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र व्हॉल्व्ह वाकलेला नाही हे आधी सिद्ध झाले पाहिजे. हेड उतरवायचे की नाही हे त्या तपासणीवरून ठरावे, कोणाच्या सवयीवरून नाही.

ही तपासणी रॉकरला हात लावण्यापूर्वी करावी. नुसते कॉम्प्रेशन मोजून भागत नाही, कारण स्टार्टरच्या संथ गतीला तुटलेली स्प्रिंगसुद्धा व्हॉल्व्ह बंद करते आणि गेज चांगला आकडा दाखवते. खरी परीक्षा हवेच्या दाबाने होते. चारही प्लग काढावेत. तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला, म्हणजे सगळे व्हॉल्व्ह बंद असताना सर्वात वरच्या जागी, आणावा, म्हणजे त्या सिलिंडरच्या चारही रॉकरना बोटाने हलवल्यावर किंचित खेळ जाणवला पाहिजे. प्लगच्या भोकात शीतपेयाची लांब स्ट्रॉ सोडली की पिस्टन वर येताना ती वर सरकते आणि टॉपला क्षणभर थांबते, त्यावरून जागा नेमकी कळते. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. होंडाच्या त्या काळातल्या या इंजिनांचा क्रँक (पिस्टन वरखाली करणारा खालचा मुख्य शाफ्ट) पुलीच्या बाजूने पाहिल्यास डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. बाकीच्या बहुतेक गाड्यांची सवय झालेला हात उजवीकडे वळतो आणि टायमिंग बेल्टवर उलटा ताण येतो.

प्लगच्या १४ मिमी आट्यांत बसणारा अडॅप्टर घेऊन कॉम्प्रेसरची हवा आधी हळू आणि मग ६ बारपर्यंत सोडावी. याआधी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकावी, हँडब्रेक ओढावा, चाकांना लाकडी ओट लावावी आणि क्रँकच्या बोल्टवरचा पाना काढून घ्यावा. या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७५ मिमीचा आहे. ६ बारला पिस्टनवर सुमारे २७० किलोचा भार येतो. पिस्टन अगदी टॉपला असेल तर तो भार सरळ खाली जातो आणि क्रँक फिरत नाही, पण थोडासा जरी सरकलेला असेल तर क्रँक झटक्यात अर्धा फेरा घेतो, आणि बोल्टवर राहिलेला पाना हाताचे हाड मोडू शकतो.

हवा भरल्यावर चार ठिकाणी कान द्यावा. तेल भरण्याच्या तोंडातून थोडी सुसू येणारच, ती रिंगांमधून जाणारी हवा असते. थ्रॉटलच्या तोंडातून स्पष्ट फुसफुस येत असेल तर इनटेक व्हॉल्व्ह बसत नाही, सायलेन्सरच्या टोकातून येत असेल तर एक्झॉस्टचा बसत नाही, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट गेलेले आहे. इनटेकमधून आवाज आला तरी लगेच निराश होऊ नये. दोन वर्षे उभ्या गाडीत सीटवर कार्बनची खपली अडकलेली असू शकते. हवा चालू असताना व्हॉल्व्हच्या दांडीच्या डोक्यावर प्लास्टिकच्या हातोडीने एक-दोन हलके ठोके द्यावेत, व्हॉल्व्ह क्षणभर उघडून बंद होतो आणि बहुधा खपली उडून जाते. त्यानंतरही गळती तशीच राहिली तर व्हॉल्व्ह वाकलेला आहे किंवा सीट जळलेली आहे असे समजावे, आणि मेकॅनिकचे म्हणणे मान्य करून हेड उतरवावे. गळती नसेल तर पुढे जावे.

या इंजिनाची रचना कामाला अनुकूल आहे. एकच कॅम वर आडवा असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंगांच्या रांगा असतात आणि वर रॉकरची पूर्ण जुडी कॅम होल्डरसकट बसते. पहिला सिलिंडर टॉपला घेऊन कॅमच्या पुलीवरची खूण वर आली आहे याची खात्री करावी, पांढऱ्या रंगाने आपल्याही खुणा कराव्यात, टेन्शनर सैल करून बेल्ट कॅमच्या पुलीवरून उतरवावा. बेल्टचे वय माहीत नसेल तर तो याच वेळी बदलावा. एवढे उघडल्यावर जुना बेल्ट परत चढवण्यात शहाणपण नाही. मग टॅपेटचे (रॉकर आणि व्हॉल्व्ह यांतला खेळ जुळवणारे) स्क्रू सैल करावेत आणि होल्डरचे बोल्ट प्रत्येक वेळी दोन-दोन फेरेच, आलटूनपालटून, सैल करत जावे. एका टोकाचा बोल्ट एकदम काढला तर कॅमवर वाकडा भार येतो. बोल्ट सैल झाले तरी ते भोकांतून बाहेर काढू नयेत. तेच रॉकर, मधल्या छोट्या स्प्रिंगा आणि होल्डर यांना शाफ्टवर धरून ठेवतात. बोल्टांसकट जुडी दोन हातांनी सरळ उचलून स्वच्छ कापडावर आहे त्याच क्रमाने ठेवावी.

आता सगळे सोळा व्हॉल्व्ह आपापल्या स्प्रिंगांनी बंद आहेत, त्यामुळे क्रँक फिरवला तरी पिस्टन कशालाही लागत नाही, आणि स्ट्रोक कोणता हा प्रश्नही उरत नाही. जो सिलिंडर हाती घ्यायचा त्याचा पिस्टन फक्त टॉपला आणायचा. पण हे स्वातंत्र्य पहिली स्प्रिंग निघेपर्यंतच आहे. एक जरी व्हॉल्व्ह स्प्रिंगविना उभा असला तरी क्रँकला हात लावू नये.

कॉटर सुटे करण्यापूर्वी हेडवरची तेल परतण्याची सगळी भोके कापडाने घट्ट बुजवावीत. कॉटर नखाएवढाही नसतो. तो त्या भोकातून गेला की थेट चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, जातो आणि शोधण्यासाठी चेंबर उतरवण्याची वेळ येते. पिस्टन टॉपला ठेवण्यामागे आणखी एक हेतू आहे. हवा मध्येच गेली, नळी निसटली किंवा वीज गेली, तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर टेकतो आणि हाताला लागेल इतका वर राहतो. तरीही दांडीच्या टोकावर एक रबरबँड गुंडाळून ठेवावा, एवढा उपाय पुरतो.

जुने कॉटर रिटेनरच्या उतारात चिकटून बसलेले असतात. योग्य मापाचा सॉकेट रिटेनरवर उभा ठेवून त्यावर हातोडीचा एक ठाम ठोका दिला की ती पकड सुटते. हे न करता नुसत्या लिव्हरने दाबत राहिल्यास रिटेनरसोबत व्हॉल्व्हही खाली जातो आणि हवा सुटते. २९ मिमी व्यासाच्या व्हॉल्व्हला ६ बारची हवा फक्त ४० किलोंच्या आसपास बळाने वर धरते, हे ध्यानात ठेवले म्हणजे दाबताना किती जोर लावायचा याचा अंदाज येतो. दाबण्यासाठी होल्डरच्या बोल्टांच्या भोकांत बसणारा आडवा दांडा आणि त्याला सरकणारी लिव्हर असलेला स्प्रिंग दाबण्याचा कॉम्प्रेसर लागतो. बाजारात सर्रास मिळणारा सी आकाराचा कॉम्प्रेसर इथे चालत नाही, कारण त्याचे एक टोक व्हॉल्व्हच्या तोंडाला लावावे लागते आणि त्यासाठी हेड बाकावरच हवे. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असल्याशिवाय हे काम करू नये.

रिटेनर खाली गेला की कॉटरचे दोन अर्धे भाग उघडे पडतात. ते पेन-मॅग्नेटने उचलावेत, लिव्हर हळूहळू सोडावी, रिटेनर आणि स्प्रिंगचे दोन्ही तुकडे बाहेर काढावेत. तुकडे जोडून पाहावेत आणि मधला एखादा लहान तुकडा गहाळ नाही याची खात्री करावी.

आपल्याकडे हवेचा कॉम्प्रेसर नसेल तर दोरीची जुनी पद्धत आहे आणि ती तितकीच भरवशाची आहे. पिस्टन अर्ध्यावर असताना ६ ते ८ मिमी जाडीची, धागे न सुटणारी नायलॉनची दोरी प्लगच्या भोकातून मीटरभर आत सोडावी, टोक बाहेर ठेवावे, आणि क्रँक हाताने हलकेच फिरवून पिस्टन वर आणावा. दोरीचा गोळा व्हॉल्व्हांना खालून आधार देतो आणि क्रँक आपोआप अडतो. अडल्यावर आणखी जोर लावू नये. या पद्धतीत हवेची गळती ऐकता येत नाही, म्हणून आधीची तपासणी मात्र कुठल्यातरी गॅरेजमधून करून घ्यावी.

तुटलेल्या तुकड्याचे तोंड भिंगाखाली जरूर पाहावे. आपल्या गाडीच्या बाबतीत मला जे दिसेल असे वाटते ते असे: तारेच्या कडेला एक बारीक खड्डा, त्याभोवती तपकिरी किंवा काळपट, गुळगुळीत चंद्रकोर, आणि उरलेल्या भागात चकचकीत, दाणेदार धातू. काळपट भाग म्हणजे हळूहळू वाढलेली भेग, आणि दाणेदार भाग म्हणजे शेवटच्या क्षणी एकदम तुटलेला. कोकणातल्या दोन पावसाळ्यांत कव्हरखालची दमट हवा रात्री थंड होते, पाणी धरते, तेलाचा थर ओघळून गेलेल्या तारेवर गंजाचे ठिपके पडतात, आणि प्रत्येक ठिपका भेगेची सुरुवात ठरू शकतो. हे कोणत्याही कंपनीच्या गाडीत घडते.

स्प्रिंगवर पडणारा ताण किती वेळा पडतो याचा हिशेब केला तर कारण समजायला सोपे जाते. क्रँकच्या दोन फेऱ्यांत व्हॉल्व्ह एकदा उघडतो. सरासरी ताशी ४० किमी आणि २००० आरपीएम धरले तर १ लाख किमीसाठी २५०० तास लागतात, आणि तेवढ्यात प्रत्येक स्प्रिंग सुमारे १५ कोटी वेळा दाबली जाते. तारेचा पृष्ठभाग निर्दोष असेल तर चांगले पोलाद एवढे दाब निमूटपणे सोसते, कारण ताण त्याच्या सहनशक्तीच्या मर्यादेत ठेवलेला असतो. एक ओरखडा किंवा गंजाचा खड्डा पडला की त्या ठिकाणी ताण एकवटतो आणि मर्यादा ओलांडली जाते. म्हणूनच स्प्रिंगला पकडीने किंवा व्हाइसने धरू नये, आणि जुन्या स्प्रिंगा तारेच्या ब्रशने घासून परत वापरू नयेत. घाटात उतरताना चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला आणि इंजिन लाल रेषेपलीकडे गेले तर स्प्रिंग तिच्या स्वतःच्या कंपनाच्या लयीत थरथरू लागते, वेढे एकमेकांवर आपटतात, आणि आधीच भेगाळलेली स्प्रिंग तिथे जाते. आपल्याकडून तसे काही झाले असेल तर तेही ध्यानात घ्यावे.

यावरूनच एक की सगळ्या या प्रश्नाचे उत्तर निघते. बाकीच्या पंधरा स्प्रिंगांनी तेच दोन पावसाळे आणि तेवढेच दाब सोसलेले आहेत. मी आपल्या जागी असतो तर सोळाही बदलल्या असत्या, आणि सोबत सोळा ऑइल सीलही. हेड जागेवर ठेवून वाचलेले पैसे खर्च करण्याची हीच योग्य जागा आहे. अगदीच अडचण असेल तर प्रत्येक स्प्रिंग काढून काचेवर नव्या स्प्रिंगशेजारी उभी करावी. जी बुटकी भरेल, गुण्याला लावल्यावर तिरकी दिसेल किंवा जिच्यावर गंजाचा एकही खड्डा असेल ती बदलावी. इनटेक आणि एक्झॉस्टच्या स्प्रिंगा या इंजिनात एकसारख्या धरू नयेत. पार्ट नंबर तपासूनच घ्याव्यात, आणि दुसऱ्या गाडीची मापाला जुळणारी स्प्रिंग कधीही घालू नये; उंची जुळली तरी तारेची जाडी आणि दाब जुळत नाहीत.

बसवताना आधी तळाची चकती, मग सील, मग स्प्रिंग हा क्रम पाळावा. सील चढवण्यापूर्वी दांडीच्या खाचांवर सेलोटेपचा एक वेढा द्यावा, नाहीतर खाचेच्या धारेने सीलची ओठासारखी कड कापली जाते आणि पुढे सकाळी निळा धूर दिसू लागतो. होंडाच्या या सीलमध्ये इनटेकच्या सीलची बारीक स्प्रिंग पांढरी आणि एक्झॉस्टची काळी असते, त्यांची अदलाबदल करू नये. याच वेळी दांडी बोटांत धरून आडवी हलवावी आणि गोल फिरवावी. आडवा खेळ हाताला ठळकपणे जाणवत असेल तर गाइड, म्हणजे दांडी ज्यात सरकते ती नळी, झिजलेला आहे. टोक फिरताना लंगडत असेल तर दांडी वाकलेली आहे, आणि दोन्ही वेळी हेड उतरवणे आलेच. या तपासणीसाठी सिलिंडरमधली हवा काढून टाकावी लागते, आणि तेव्हा व्हॉल्व्हला पिस्टनचाच आधार असतो.

स्प्रिंगचे वेढे सर्वत्र सारख्या अंतरावर नसतात. जिथे ते दाट आहेत ते टोक खाली, हेडकडे ठेवावे. जड आणि न हलणारा भाग खाली राहिला तर हलणारे वजन कमी होते आणि कंपनही दबते. उलट बसवली तरी इंजिन चालते, म्हणून ही चूक कोणाच्या लक्षात येत नाही. कॉटरला आतून थोडे ग्रीस लावले तर ते दांडीच्या खाचेत चिकटून राहतात आणि लिव्हर सोडेपर्यंत पडत नाहीत. लिव्हर पूर्ण सोडल्यावर बाजूला उभे राहून दांडीच्या डोक्यावर प्लास्टिकच्या हातोडीने दोन-तीन ठोके द्यावेत. कॉटर नीट बसला नसेल तर तो आत्ताच उडेल, रस्त्यावर नाही.

सगळे व्हॉल्व्ह झाल्यावर भोकांतली कापडे मोजून काढावीत, पहिला सिलिंडर पुन्हा टॉपला घ्यावा, कॅमच्या उंचवट्यांना तेल लावावे, टोकाच्या होल्डरांखाली पातळ लिक्विड गॅस्केट द्यावे आणि जुडी खाली ठेवून बोल्ट पुन्हा दोन-दोन फेऱ्यांनी, पुस्तिकेतल्या क्रमाने आणि टॉर्क रेंचनेच आवळावेत. बेल्ट चढवून क्रँक हाताने, डावीकडेच, पाच-सहा पूर्ण फेरे फिरवावा आणि खुणा पुन्हा जुळतात का ते पाहावे. मध्ये कुठेही अडथळा लागला तर जोर न लावता थांबावे. टॅपेट थंड इंजिनावर फिलर गेजने जुळवावेत.

ही पद्धत सगळ्या गाड्यांना सरसकट लागू होत नाही, हेही सांगायला हवे, कारण हे वाचून दुसरे कोणी आपल्या गाडीवर प्रयोग करील. जुन्या १४८९ सीसीच्या अॅम्बेसेडरमध्ये रॉकर शाफ्टच्या काही नटांनी हेडही धरलेले असते. ते नट सोडायचे तर हेडचे सगळेच नट क्रमाने सैल करावे लागतात, नाहीतर हेड वाकते आणि पाणी सिलिंडरमध्ये उतरते. एकदा ते सैल केल्यावर गॅस्केट बदलणेच बरे, म्हणून तिथे हेड वाचवण्याचा फायदा उरत नाही. ज्या इंजिनांत कॅम थेट बकेट टॅपेटवर बसतात तिथे दोन्ही कॅम आणि टायमिंग चेन सोडवावी लागते, तरीही हेड जागेवर राहू शकते. अनेक डिझेल इंजिनांत टॉपला पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांत इतके कमी अंतर असते की हवेशिवायही पिस्टनच्या आधारावर काम होते.

गाडी सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटे मंद गतीवर चालवून तेलाची गळती पाहावी. मग इनटेकच्या नळीला व्हॅक्यूम गेज लावून इंजिन सावकाश ३००० आरपीएमपर्यंत न्यावे. गती वाढेल तशी सुई जोरजोरात थरथरू लागली तर अजून कुठेतरी कमजोर स्प्रिंग आहे. सुई स्थिर राहिली तर गाडी घाटात न्यायला हरकत नाही. ५०० किमीनंतर टॅपेट एकदा पुन्हा तपासून घ्यावेत, आणि गाडी पुन्हा उभी ठेवायची असेल तर पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी ती सुरू करून इंजिन पूर्ण तापेपर्यंत, निदान अर्धा तास, रस्त्यावर चालवावी. दोन मिनिटे सुरू करून बंद केल्यास कव्हरखाली उलट जास्त पाणी साचते.